खिम्यातला गूळ

खिमा घरी आणून धुवायचा नसतो. ज्यांना हे ठाऊक नाही ते तयार खिमा आणतात, चाळणीत घालून नळाखाली धरतात आणि सगळी चव मोरीत सोडून देतात. मटण अख्खं असतानाच धुवायचं, निथळू द्यायचं, वरचा पडदा काढायला लावायचा, मग त्याचा खिमा. तोही सुऱ्याने, यंत्रातला नव्हे, आणि आपण दुकानात उभं असताना. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. "पाठीमागं केलेला खिमा कधी घ्यायचा न्हाय," ते म्हणायचे. "त्यात काय काय गेलं ते देवालाच म्हाईत."

आमचं घर मुंढव्याला. आज तिथे काचेच्या इमारती आहेत आणि लोक त्याला पुणं म्हणतात. माझ्या लहानपणी ते गाव होतं आणि आम्ही 'पुण्याला जाऊन येतो' असं म्हणून निघायचो. वडिलांचा भाजीचा मळा होता. रविवारी पहाटे माल घेऊन ते आधी मंडईत, पुढच्या काळात मार्केट यार्डात जात आणि मी हट्टाने बरोबर जाई. आई मी शाळेत असतानाच गेली. भाऊ-बहीण नाही. त्यामुळे घरात आम्ही दोघंच, आणि रविवार हा आमच्या दोघांचा सण होता.

परतीच्या वाटेवर भवानी पेठेत मटणाचं एक दुकान लागायचं. दुकानवाल्या चाचांचं घराणं तीन पिढ्या तिथलंच, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. वडील मांडीचा तुकडा निवडायचे, दुकानातल्याच नळाखाली स्वतः धुवायचे, आणि मग चाचा लाकडी ठोकळ्यावर दोन सुरे घेऊन बसायचे. त्या ठोकळ्याचा टकटक आवाज मला अजून झोपेतही ओळखता येईल. मला वडिलांनी ठोकळ्याच्या अगदी समोर उभं केलेलं असे. माझं काम एकच, नजर हलवायची नाही. चाचा हसून म्हणायचे, "बेटी, तुझ्यासमोर चोरी करायची आमची छाती नाही."

घरी चूल वडीलच पेटवत. कांदा मी चिरायची, वाटण मी वाटायची, पण कढई त्यांची. खिमा आधी नुसत्या हळद-मिठावर टाकायचा. तो स्वतःचं पाणी सोडतो. ते पाणी त्याचं त्यालाच पिऊ द्यायचं, वरून थेंब घालायचा नाही, घाई करायची नाही. मग तेलात लाल केलेला कांदा, आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, घरचा काळा मसाला. आमच्याकडचा खिमा तिखट असायचा, म्हणजे चांगलाच तिखट. बाजरीची भाकरी, कच्चा कांदा आणि नाक पुसायला खांद्यावर पंचा. जेवताना आम्ही बोलत नसू. शेवटी वडील भाकरीच्या तुकड्याने कढई पुसून घेत आणि तो तुकडा माझ्या ताटात टाकत. आई गेल्यापासून त्यांनी मला पोटाशी वगैरे कधी धरलं नसेल. तो तुकडा मात्र चुकला नाही.

पुढे मी शिकले, बँकेत लागले आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या प्रेमात पडले. तो सदाशिव पेठेतला, ब्राह्मण घरातला. चातुर्मासात त्यांच्याकडे कांदा-लसूणही बंद. मी त्याला लग्नाआधीच स्पष्ट विचारलं, माझं कसं व्हायचं? तो म्हणाला, मला तुमच्या घरी जेवायला ने. वडिलांनी त्याच्यासाठी मुद्दाम खिमाच केला, नेहमीसारखा. बघायचंच होतं त्यांना. माझा होणारा नवरा पहिल्या घासालाच लाल झाला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण त्याने ताट स्वच्छ केलं आणि आणखी मागून घेतलं. निघताना वडिलांना म्हणाला, "आमच्या घरात हिच्या हातचा खिमा होईल. कोणाला काय वाटायचं ते वाटू दे."

तो गेल्यावर वडिलांनी त्याचं स्वच्छ केलेलं ताट उचलून बघितलं. मग म्हणाले, "पोरगं खोटं न्हाय." त्यांची आशीर्वाद द्यायची तीच पद्धत होती.

लग्न झालं. सासरचे आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. आम्ही सदाशिव पेठेतच दोन खोल्यांची जागा घेतली, कारण नवऱ्याला आईवडिलांपासून दोन गल्ल्यांच्या पलीकडे जायचं नव्हतं. इमारत अशी, की जिन्यात अंड्याचं टरफल सापडलं असतं तर नोटीस लागली असती. तरी आमचा खिमा झाला. खिमाच का, तर खिम्याला हाड नसतं. मटण केलं की हाडं कचऱ्याच्या डब्यात दिसतात, मांजरं दाराशी बसतात, आणि मग पेठेला पुरावा मिळतो. खिम्याचं तसं नाही, तो पोटात गेला की विषय संपला. दुपारी एक ते चार पेठ झोपलेली असते. तेवढ्यात मी वडिलांनी दिलेल्या कढईत खिमा करायची आणि नवरा खिडकीत उदबत्त्या लावायचा. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "तुमच्याकडे रविवारी काही पारायण असतं का हो? वास फार प्रसन्न येतो." आम्ही दोघं दार लावून पोट धरून हसलो होतो. ते दिवस चांगले होते. पुढचं सगळं ठाऊक असूनही मला ते चांगलेच आठवतात.

या काळात सासू-सासरे कधीमधी येत, पण पाणीसुद्धा घेत नसत. मला त्याचं फार दुःख नव्हतं. दुःख नवऱ्याला होतं. सासरे गेले तेव्हा सासूबाई एकट्या पडल्या, आणि त्यांची बोटं संधिवाताने अशी वाकडी झाली होती की त्यांना भाताचं पातेलंही उतरवता येईना. नवरा म्हणाला, आईला आपल्याकडे आणू या. मी नाही म्हणायचं कारणच नव्हतं.

सासूबाई आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी बोलल्या. त्यांचं बोलणं नेहमी छापल्यासारखं असे.

"मी इथे राहीन. तुझ्या हातचं जेवीनही. पण या घरात ते पुन्हा शिजता कामा नये, आणि मला वाढणारा हात ते खाणारा असता कामा नये. जमणार नसेल तर आत्ता सांगा, मला वाईट वाटणार नाही. पुढे कधी मोडलंत, तर तेव्हा सांगा, मी माझी सोय बघेन. फसवू नका, एवढंच."

मला त्या बाईचा राग यायला हवा होता. आला नाही. तिने जे होतं ते तोंडावर सांगितलं आणि तिच्या बाजूने तीही पुष्कळ सोडत होती. माझ्या हातचं पाणी न पिणारी बाई माझ्या हातचं जेवायला तयार झाली होती, हे तिच्यासाठी समुद्र ओलांडण्यासारखं होतं. मी हो म्हटलं. नवराही हो म्हणाला.

माझ्या मनात मात्र एक वाट होती. घरात नाही तर नाही, मुंढव्याला वडिलांकडे गेले की खाईन. आंघोळ करून परत येईन. सासूबाईंना वाढणारा हात खाणारा नसावा, हे त्यांनी म्हटलं होतं खरं, पण मला तेवढी फट काढता आली असती. ती फट माझ्या नवऱ्याने बुजवली. संध्याकाळी आम्ही दोघंच गच्चीवर असताना तो म्हणाला, "बाहेर खायचं आणि घरात नाही म्हणायचं, हा ढोंगीपणा झाला. सोडायचं तर दोघांनी सोडू, आणि सगळीकडे सोडू. तू नाही तर मी नाही."

मला ते फार आवडलं. कुणीतरी आपल्या बरोबरीने उपाशी राहणार, यात केवढं प्रेम वाटतं. मी कढई घासूनपुसून वडिलांकडे नेऊन दिली.

वडिलांनी त्या दिवशीही खिमा केला होता. मी ताट दूर सारलं आणि सगळं सांगितलं. ते कढईवर झाकण ठेवत म्हणाले, "तुझ्या मर्जीनं सोडलंस न्हवं?" मी हो म्हणाले. त्यांनी मला दूध-भाकरी दिली आणि स्वतःही दूध-भाकरीच खाल्ली. झाकलेली कढई दोघांच्या मधे तशीच होती. पुढच्या खेपेला गेले तर आमटी होती. त्याच्या पुढच्या खेपेला पिठलं. मी विचारलं, तुम्ही आता खिमा करत नाही? म्हणाले, "आता न्हाय करत." मी समजले की माझ्यापायी त्यांनीही सोडलं. येताना बसमध्ये रडू आवरेना. आपल्या एका शब्दाने म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा घास गेला असं वाटलं, आणि हे ओझं मी पुढे कित्येक वर्षं वाहिलं.

सोडणं सोपं नव्हतं. ज्यांनी कधी खाल्लं नाही त्यांना हे कळणार नाही, आणि जे म्हणतात 'त्यात काय, मटकीची उसळ तशीच लागते' त्यांच्याशी मी वाद घालत नाही. नाना पेठेतून जाताना मी भवानी पेठेचा रस्ता टाळायची. पावसाळ्यात नुसत्या वासाच्या आठवणीने तोंडाला पाणी सुटायचं, तेव्हा नवरा माझा हात धरून म्हणायचा, आपण दोघं आहोत ना. सासूबाई रोज माझ्या हातचं जेवत. कधी कौतुक केलं नाही. पण एकदा त्यांची बहीण आली असताना ती पानाकडे बघून घुटमळली, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जेव गं. हिचा शब्द आहे." मला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या असत्या तरी तेवढं वाटलं नसतं.

वडील थकत गेले. रक्तदाब, गुडघे. सासूबाईंना बँकेच्या वेळेपलीकडे फार वेळ एकटं सोडता येत नसे, म्हणून माझं मुंढव्याला जाणं कमी झालं. ती उणीव नवऱ्याने भरून काढली. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी तो सकाळी स्कूटर काढायचा, औषधं आणि फळं घ्यायचा आणि वडिलांकडे जायचा. दुपार तिथेच घालवून परत यायचा. मी बँकेत, शेजारी, माहेरच्या लग्नाकार्यात सगळ्यांना सांगत सुटले होते, असा जावई मिळायला पुण्याई लागते. बायका मान डोलवायच्या. त्या रविवारी रात्री तो जेवायचा नाही, पोट जड आहे म्हणायचा. मी ओवा द्यायची. खाई त्याला खवखवे म्हणतात. याला एवढ्या वर्षांत कधी खवखवलं नाही.

मग तो रविवार आला. नाना पेठेतल्या एका कार्यालयात बँकेतल्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. सासूबाईंचं जेवण झाकून ठेवून मी गेले, अक्षता टाकल्या आणि बसस्टॉपकडे निघाले. पुढे रस्ता खणलेला होता, म्हणून वळसा घालून भवानी पेठेतून जावं लागलं. दुकान तिथेच होतं. चाचा म्हातारे झाले होते, गल्ल्यावर बसले होते, ठोकळ्यावर मुलगा होता. मी मान खाली घालून पुढे जात होते, पण त्यांनीच हाक मारली. किती वर्षांनी दिसलात ताई, वगैरे झालं. मग ते सहज म्हणाले, "वडिलांना सांगा, आज मांडीचाच दिलाय. मागच्या खेपेला चरबी जास्त लागली म्हणून साहेबांची तक्रार होती."

मी विचारलं, "कोण साहेब?"

"आपले जावईसाहेब. सकाळीच घेऊन गेले की. तुमच्या वडिलांनी शिकवलंय त्यांना, समोर उभे राहून करून घेतात."

माझा चेहरा बघून त्या भल्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मुलाला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्यायले. समोर ठोकळा होता, आणि ज्या जागी लहानपणी मला उभं करायचे त्या जागी आता माझा नवरा उभा राहतो, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी रिक्षा केली आणि मुंढवा म्हटलं.

रिक्षात मी नवऱ्याची बाजूही घेऊन बघितली. वडिलांसाठी नेत असेल. म्हाताऱ्या माणसाला खावंसं वाटत असेल, मला वाईट वाटेल म्हणून दोघांनी सांगितलं नसेल. म्हणजे वडिलांचं सुटलेलं नाही, याचा मला उलट आनंद व्हायला हवा. असं घोकत मी घराशी उतरले. वास अंगणातच आला. दार उघडंच होतं. दोघं समोरासमोर पाटावर बसले होते, मधे माझी कढई. वडील भाकरीच्या तुकड्याने कढई पुसत होते. मी उंबऱ्यात उभी असतानाच त्यांनी तो तुकडा माझ्या नवऱ्याच्या ताटात टाकला.

नवऱ्याचा हात ताटातच राहिला. वडील मात्र उठायला धडपडले, गुडघे धरले आणि पुन्हा बसले. मी विचारलं, कधीपासून. उत्तर वडिलांनी दिलं. सासूबाई आमच्याकडे आल्या, त्यानंतरच्या दिवाळीपासून. म्हणजे जवळपास पहिल्यापासूनच. तो आला होता, म्हणाला, जीव कासावीस होतो, हिला सांगू नका.

"जावई ताटावर बसून मागतो," वडील म्हणाले, "तर न्हाई कसं म्हनू? जावयाला कुनी न्हाई म्हनतं का? आनि तू खाईनाशी झालीस. एकट्यापुरता खिमा करायला मन व्हत न्हाय गं. कुनीतरी जेवायला पायजे."

मी कुणीच नव्हते का? हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी तर त्यांच्यासमोर बसून दूध-भाकरी खाल्ली होती, त्यांचं सुटलं म्हणून बसमध्ये रडले होते, आणि हे दोघं माझ्या पाठीमागे माझ्याच कढईत शिजवून खात होते. पाठीमागं केलेला खिमा घेऊ नये म्हणणाऱ्या माणसाने हे केलं. मला त्या क्षणी नवऱ्यापेक्षा वडिलांचा राग जास्त आला. नवरा परका होता, नंतर आपला झाला. बाप पहिल्यापासून माझा होता.

मी चप्पल काढली, आत गेले, नवऱ्याच्या ताटातला तोच तुकडा उचलला आणि तोंडात घातला. शब्द मोडायचाच होता मला. त्यांनी दोघांनी मोडला, मग माझ्या एकटीच्या पाळण्याला अर्थ काय, असं वाटलं. एवढ्या वर्षांनी ती चव येणार म्हणून, लाज वाटते सांगायला, रागातही माझं तोंड पाण्याने भरलं होतं.

तो गोड होता. अगदी गोड नव्हे, पण तिखटाच्या मागून एक गुळचट चव येत होती. तिखटही कसलं, नावाला. कांदा लाल नव्हता, गुलाबी होता. वर मटार.

"यात गूळ आहे?" मी विचारलं.

"चिमूटभर," वडील म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं मी चवीचं विचारतेय, म्हणून त्यांचा चेहरा जरा खुलला. "जावईबापूंना तिखट सोसत न्हाय. त्यांनीच सांगितलं, चिमूटभर घाला, बरं लागतं. आता मलाबी तसाच आवडतो."

मी तो घास गिळला. आपल्याला कुणीतरी घराबाहेर काढलं आहे आणि आपलं सामानही ठेवलेलं नाही, असं काहीतरी वाटलं. ज्या चवीवर पाणी सोडलं म्हणून मी स्वतःला मोठी समजत होते, ती चव जगात उरलीच नव्हती. ती माझ्या बापाने दुसऱ्याच्या जिभेसाठी बदलून टाकली होती आणि जुनी कशी होती हे त्याला आठवतही नव्हतं.

नवरा स्कूटर घेऊन मागून आला, मागे बस म्हणाला. मी बसने गेले. घरी तो माझ्या आधी पोचला होता, कपडे बदलून पेपर वाचत बसला होता. मी आंघोळ केली. स्वयंपाकघरात गेले, तांदूळ निवडलेले होते, गॅसपाशी उभी राहिले आणि काडी ओढवेना. सासूबाई दाराशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या, रोज संध्याकाळी बसत तशा. मोडलंत तर सांगा, हा त्यांचा शब्द होता. एक घास का असेना, मी खाल्ला होता. न सांगता त्यांना वाढलं असतं तर मी आणि तो सारखेच झालो असतो.

मी म्हटलं, "आई, आज मी वडिलांकडे खिम्याचा घास खाल्ला."

बाहेरच्या खोलीतला पेपर वाजायचा थांबला. सासूबाईंनी मला विचारलं, चुकून का. मी म्हटलं, नाही, मुद्दाम. त्यांनी थोडा वेळ आपल्या वाकड्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सांगितलंस हे बरं केलंस." आणि बाहेरच्या खोलीकडे वळून त्यांनी मुलाला विचारलं, "तू होतास ना रे तिथे?"

मी त्याच्याकडे बघत होते. मला त्या वेळी त्याच्याकडून फक्त एक वाक्य हवं होतं. ते त्याने म्हटलं असतं तर मी सगळं माफ केलं असतं, दिवाळीपासूनचं सगळं, गूळसुद्धा.

तो दारात आला. म्हणाला, "होतो ना. औषधं द्यायला गेलो होतो."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. औषधं त्याने दिलीच होती.

सासूबाईंनी मान हलवली. त्या उठून स्वतःच पातेल्याला हात घालू लागल्या. बोटांत ते धरवेना, झाकण खाली पडलं. मी पुढे झाले तर त्यांनी नुसता हात वर केला, नको म्हणून. रागाने नव्हे, जसं ठरलं होतं तसं. तेव्हा माझा नवरा पुढे आला आणि म्हणाला, "आई, तू बस. मी करतो." त्याने हात धुतले, तांदूळ धुतले आणि गॅस पेटवला.

मी तेव्हाच सांगू शकले असते. तो माझ्याकडे न बघता वरणाची तूरडाळ काढत होता, आणि मी सांगणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कारण मी बोलले असते तर त्या म्हातारीला या घरात जेवायला वाढणारा एकही हात उरला नसता. वडिलांच्या बाबतीत त्याने माझ्या विश्वासाचा फायदा घेतला होता, आता दयेचा घेत होता. मी मूग गिळून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. त्याचा पेपर तिथे पडला होता, त्याची घडी घातली.

वडील त्यानंतर दोन पावसाळ्यांनी गेले. मी जात होते त्यांच्याकडे, बोलतही होते, पण रविवारी गेले नाही. नवराही नंतर रविवारी गेला नाही. कढई मी परत आणली नाही.

सासूबाई मात्र पुष्कळ जगल्या. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं नाही, टोमणा मारला नाही, फक्त माझ्या हातचं घेतलं नाही. शेवटपर्यंत मुलाच्या हातचं जेवल्या. त्यांची बहीण आली की तिला त्या सांगायच्या, "याचा शब्द आहे, जेव." मी आतल्या खोलीत ऐकायची. स्वयंपाक त्याला चांगला येऊ लागला होता. भात मऊ करायचा, गोळा होऊ द्यायचा नाही, आणि वरणात चिमूटभर गूळ घालायला विसरायचा नाही.